गोराईच्या बोटीआधी

बोरिवलीच्या जेट्टीवर बोटीसाठी अकरा जण उभे होते. प्रांजलच्या पुढच्या दोघांचं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

"सिद्धेश, गोराईच्या कॉम्प्युटरवर लॉगिन तपासताना सगळ्यांना नकार देणारं मॉड्यूल बाकीच्या तपासण्यांनंतर, यादीत शेवटी लावतात रे. तू पहिलंच लावलंस."

"चुकलं ना, दर्शना. आता ते मलाही आत घेत नाही."

"गोराईला पोचून मशीन बंद करून पासवर्डशिवायच्या दुरुस्ती मोडमध्ये चालू करू."

"मग तिथे संघमित्राने घेतलेल्या खाडीच्या नोंदी जातील. अजून मेमरीतच आहेत, सेव्ह केलेल्या नाहीत."

"तिचं लॉगिन उघडं असेल तर ती काढून घेईल की."

"उघडंच होतं. मीच फोन करून बंद करायला लावलं."

"कशाला?"

"नवीन लॉगिन तपासायला."

दर्शनाने फोनवरून पुन्हा पासवर्ड टाकला. चौथ्यांदा नकार आला.