धबधब्याच्या फोटोतला लाल ठिपका

माहं माहेर घाटंजीकडचं, गाव इतकं लहान की नाव सांगितलं तरी तुले कळणार नाही. बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, माय बी राबे, अन् मी चौथी झाली तशी कापूस वेचाले जाऊ लागली. आमच्या घरात दोनच फोटो होते, एक बुद्धाचा अन् एक बाबासाहेबांचा. घरच्या माणसायचे बी फोटो असतात हे मले लय उशिरा समजलं. तू कॉलेजचा पोरगा, लिहून घेऊन राह्यला तं घे बापा, पण माह्यात लिहिण्यासारखं काय हाय ते तूच पाय.

लग्न होऊन मी इथं फुलसावंगीत आली. नवरा फोटोग्राफर, बस स्टँडसमोर एका खोलीचा स्टुडिओ. माहेरच्या पोरी मले चिडवत, तुहे तं रोज फोटो निघतीन वं शेवंता. आता काय सांगू तुले, लग्नाचाच निघाला नाही. फोटोग्राफरच नवरदेव झाला तं फोटो काढन कोण? ह्यायनं कॅमेरा दोस्ताच्या हाती दिला, त्यानं दिवसभर खटखट केलं, लाईट मारले, आम्ही आपले मान वर करून उभे. यवतमाळवरून रोल धुवून आला तं सारा कोरा. रोलची पट्टी आत अडकलीच नव्हती म्हणे, बटन दाबलं की नुसता आवाज होये. माह्या डोळ्यात पाणी आलं. हे हासले. म्हणे, घरचं काय, घरचं कधी बी काढू.

पण ते कधी बी काही येईना. रोल गिऱ्हाइकाचा, अन् घरात बायको तं रोजच हाय. गावातली प्रत्येक नवरी ह्यायनं काढली, लोकायची लेकरं काढली, पाटलाची नवी बैलजोडी काढली. मी पडदा झाडू, स्टूल पुसू, नवरीचा पदर नीट करून बाजूले होऊ.

ह्यायले एकच वेड होतं, पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याचं. पावसाळ्यात लग्नं नसतात, तवा हे एकटेच तिकडं जात. एकदा तिथला फोटो मोठा करून आणला, फ्रेम केली अन् बाजारात मांडला. कोणी घेईना. लोक म्हणे, हा तं आमच्या वावराजवळचा नाला दिसते. न्हावी तं म्हणे, भाऊ, मोठं हाय मोठं हाय म्हणता, पण कशावरून मोठं? ते ह्यायच्या मनाले लागलं. जेवाले बसले. मंग माह्याकडं पाह्यलं, कापड मोजतानी पाहतात तसं, अन् म्हणे, उद्या चालतं का सहस्रकुंडले?

त्या रात्री मले झोप नाही बापा. मले वाटलं, आता कधी बी आलं. लग्नातली लाल साडी काढली, पावडर लावली, अन् आरशात हासून पाह्यलं, कारण हे हरएक नवरीले सांगत ते मले पाठ होतं, दात दाखवू नका, पण ओठ दाबू बी नका.

उमरखेडवरून ढाणकी, तिथून जीप, मंग सागाच्या जंगलातून पायी. पाणी दिसाच्या आधी ऐकू येते. पहिले वाटते वारा सुटला सागात, मंग वाटते ट्रक येऊन राह्यला, अन् मंग पायाखालची जमीनच थरथरते. पुढं झाडं सरली अन् अख्खी पैनगंगा काळ्या खडकावरून खाली पडून राह्यली. मी ह्यायचा हात धरला. आजूबाजूले कोणी नव्हतं म्हणून धरला.

ह्यायनं हात सोडवला अन् पलीकडचा कोरडा खडक दाखवला, म्हणे, तिथं जाय. मी गेली. हातानं खुणावलं, मागं. मी मागं झाली. अजून मागं. आवाजात काही ऐकू येईना, नुसता हात दिसे, अजून, अजून. मागून पाण्याचे तुषार येत, साडी अंगाले चिकटली, पावडर गेली असन, पण मी हासून राह्यली होती. केव्हा बटन दाबतीन काय माहीत, म्हणून गाल दुखेपर्यंत हासली. मनात म्हटलं, हा दुरून झाला, आता जवळून काढतीन. पण रोलमध्ये एकच फोटो उरला होता, कोणाच्या तरी लग्नातून वाचलेला. ह्यायनं कॅमेरा पिशवीत ठेवला अन् म्हणे, चाल, जीप जाईन.

फोटो आला तवा मले मी सापडेना. ह्यायनं नखानं दाखवलं, हे पाय, हे तू. ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका. मी म्हटलं, मी हासून राह्यली होती. हे म्हणे, हो? अन् मंग म्हणे, आता समजते पाय, किती मोठं हाय ते. इतके खुश होते की मंग मी बी म्हटलं, हो, लय मोठं हाय.

तो फोटो मात्र चालला. न्हाव्यानं घेतला, पानठेल्यावाल्यानं घेतला, लोकायनं लग्नाच्या आहेरात दिला. मी ज्या पाटलाच्या वावरात कापूस वेचाले जाऊ, त्यायच्या घरी बी लागला, मधल्या खोलीत. आम्ही वेचणाऱ्या बाया ओसरीच्या पुढं जात नसू, पाणी बी तिथंच, वरून ओततीन ते. मी ओंजळीनं पिता पिता दारातून आत पाहू, तं मी आधीच आत जाऊन बसली होती. एकदा पाटलीणबाईनं बोट लावून पाह्यलं, म्हणे, हा लाल ठिपका कायचा वं, कुंकू उडालं का? मी म्हटलं, असन. काहून सांगितलं नाही? लाज वाटली. अन् खरं सांगू, वाटलं, सांगितलं तं हे उद्या फोटो काढून टाकतीन.

मंग कापसाचे ते खराब वर्षं आले. तू लहान असशीन तवा. भाव नाही, बोंडात अळी, लग्नं अशी झाली की मंडप नाही तं फोटो कुठचे. एकच काम येऊ लागलं. बाई यायची, लग्नातला पंगतीचा नाहीतं घोळक्यातला फोटो आणायची, अन् त्यातल्या एका माणसावर बोट ठेवून म्हणायची, ह्यायचा तेवढा मोठा करून द्या, हार घालाचा हाय. हे करून देत. एका संध्याकाळी हे काळे-पांढरे फोटो धुवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून बाहेर आले अन् खाली बसले. म्हणे, शेवंता, लहान माणूस मोठं केलं की चेहरा फुटते. नाक नाही राहत, डोळे नाही राहत. काय देऊ मी त्या बाईले? त्या दिवशी ह्यायनं स्टुडिओले कुलूप लावलं ते पुन्हा उघडलं नाही.

कोणी तरी सांगितलं, सुरतेले मोठी कलर लॅब हाय, काम देतात. हे गेले. जातानी म्हणे, जम बसला की तुले नेतो. पहिले किराणा दुकानात फोन ये, मंग कमी झाला, मंग बंद झाला. माहा देर, ह्यायचा लहाना भाऊ, जाऊन आला, तं लॅबच उठली होती, माणसं पांगली होती. कोणी म्हणे वापीले दिसले, कोणी म्हणे दुसरं घर केलं. मी कोणाले विचाराचं सोडलं. लेकरू नाही. दिवसा शाळेत खिचडी शिजवतो, तिथं पोरायचा कल्ला असते, तिथं चांगलं वाटते. सांजचं एका भाकरीसाठी तवा तापवणं जिवावर येते बाप्पा. मंग दोन टाकतो. दुसरी सकाळी खातो.

तिकडं हळूहळू लोकायच्या घरातले फोटो बी गेले. घरं रंगवली, टीव्ही आले, फ्रेमा माळ्यावर पडल्या. माहीवाली भिंतीले होती, तिले वाळवी लागली.

दोन दिवाळ्या झाल्या, ती बंद खोली सचिननं भाड्यानं घेतली. चांगला पोरगा हाय, नवा स्टुडिओ टाकला, कम्प्युटर आणला. साफसफाईत त्याले ह्यायच्या निगेटिव्हचा डबा सापडला. मी शाळेतून येतानी त्यानं आवाज दिला, काकू, या ना, हे पाहा काय सापडलं, बस स्टँडवर मोठा फ्लेक्स लावतो याचा, खाली माह्या दुकानाचं नाव. पाह्यलं तं पडद्यावर सहस्रकुंड. बुरशी लागली होती, पांढरे-काळे डाग पडले होते, अन् तो एक एक डाग पुसून राह्यला होता. खट केलं की डाग गेला. असा पुसत पुसत तो खडकावर आला. म्हणे, हा एक लाल राह्यला.

मी म्हटलं, सचिन, तो नको पुसू. तो डाग नाही. ती मी आहो.

त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग पडद्याकडं. काकू, खरं? म्हणे, थांबा, मोठं करून पाहू. अन् मोठं केलं, अजून मोठं केलं. लाल चौकोन दिसले, अन् वर एक काळा चौकोन, ते केस असतीन. नाक नाही, डोळे नाही. त्यानं ते पुन्हा लहान केलं. मीच म्हटलं, असू दे बेटा, होतं तेवढं कर. मंग त्यानं मले स्टुलावर बसवलं, म्हणे, चांगला फोटो काढतो तुमचा, हासा काकू. मी म्हटलं, माहं हासणं झालं, तिथं. पण काढला त्यानं. तो पाय, त्या कोनाड्यात हाय. बाई म्हातारी दिसते.

फ्लेक्स लागला. इतका मोठा की मी त्यात बोटाएवढी झाली. मले एकच वाटे, हे कधी यष्टीतून उतरले तं समोर आधी सहस्रकुंडच दिसन. अन् दुसऱ्या कोणाले नाही, पण ह्यायले माहीत हाय कुठं पाहाचं ते. म्हणून मी रोज शाळेत जातानी पाहून घेतो. यंदा उन्हाळ्यात सचिनले विचारलं, का रे, पाणी तसंच हाय अन् मी काहून फिकी पडली? तो म्हणे, काकू, उन्हात लाल रंग पहिले उडते, निळा लय दिवस राहते. पुढच्या साली नवा लावू म्हणे. लावन का नाही, त्याचा बी धंदा मोबाईलनं बसून राह्यला.

आता गुलाबी हाय. दुरून नाही दिसत, जवळ गेलं की दिसते.

झालं, एवढंच हाय माह्याजवळ. खूप शिक बेटा, तुह्या घरातला पहिलाच कॉलेजले गेला तू, चांगलं होईन तुहं. तुह्या मोबाईलात तुह्या मायचा फोटो हाय का? नसन तं आज गेल्यावर काढ. ती म्हणन, हातचं काम होऊ दे, केस विंचरू दे. तसाच काढ. अन् जवळून काढ.