सवतीचा टाक आणि जोडवायर

या मंडळी, असे जवळ या. अहो खांबाला टेकलेले काका, देव खांबातही असतो म्हणा, पण आज तो इकडे गोष्ट ऐकायला बसलाय! सरका थोडे पुढे. आज असं आख्यान सांगतो की पोथ्या धुंडाळल्यात तरी मिळायचं नाही. यात राजा नाही, राक्षस नाही. यात आहे एक कॉम्प्युटर! हसा, हसा. शेवटी कोण डोळे पुसतं ते बघतो मी.

पण आधी एक प्रश्न. दुसऱ्याच्या जागी बसावं कसं? जागा रिकामी असते, चार माणसं म्हणतात बस, आपण बसतो. पण बसलं म्हणजे जुळलं का हो?

पेटीवाले, सूर द्या—

बसले म्हणून जुळले नाही,
जुळले तेव्हा उजळले...

तर ऐका. कराडात दिगंबरराव खरवंडीकर नावाचे गृहस्थ. बायको वैजयंती, लेक रेवा. वैजयंती घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. गोड बाई! पण गोड माणसांची देवालाही घाई असते. आजारी पडली, गेली. पोर शाळेत जाणारी. मग नातेवाइकांनी गळ घातली आणि घरात दुसरी आली— कुमुद.

लग्नात दिगंबररावांच्या आत्याबाईंनी कुमुदच्या गळ्यात सवतीचा टाक घातला. नव्या पोरांना ठाऊक नसेल. पहिली देवाघरी गेली असली, की चांदीच्या छोट्या पत्र्यावर तिची मूर्ती ठोकतात आणि दुसरी ती गळ्यात घालते. म्हणजे म्हणायचं काय? तर, ताई, घर आधी तुझं, मग माझं!

कुमुदनं टाक मनापासून घातला हो. पण रेवा? रेवा तिला 'अहो' म्हणायची. "अहो, भात वाढा." "अहो, माझी वेणी मी घालीन." आता तुम्हीच सांगा, मराठी घरात आईला कोण 'अहो' म्हणतं? आईला 'अगं'! आईशी भांडणसुद्धा 'अगं'नंच सुरू होतं! पोरीच्या तोंडचा तो 'अहो' म्हणजे आतून कडी घातलेलं दार. कुमुद रोज त्या दाराशी उभी राहायची. कधी धक्का दिला नाही.

आणि रोज संध्याकाळी एक गोष्ट व्हायची. आपल्याकडे कॉम्प्युटर सुरू केला की टिंगटाँग वाजतं ना? या घरी नाही! वैजयंतीनं हौसेनं माइक लावून स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. रेवा शाळेतून यायची, पाठीवरचं दप्तरही न काढता बटण दाबायची, आणि आतून आई म्हणायची—

"आलीस का गं? ये, बस."

एवढंच! एवढ्यावर ते लेकरू उभं होतं.

एक दिवस बटण दाबलं. आवाज नाही. उजेड नाही. पुन्हा दाबलं. नाही! पोर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी.

बिघडला होता पॉवर सप्लाय. तो काय असतो? अहो, पंगतीतला वाढपी! भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येकाला पचेल तेवढीच वाढायची. तो वाढपीच गेला, सगळी पंगत उपाशी!

दिगंबरराव म्हणाले, "जुनं धूड झालंय ते. रविवारी भंगारवाल्याला देऊ, नवा आणू."

वाईट माणूस नव्हता हो. त्यांनाही तो आवाज सोसत नसे, एवढंच.

बसस्टँडजवळ निसारभाई बागवानांचं दुरुस्तीचं दुकान. कुमुदनं विचारलं तर ते म्हणाले, "पॉवर सप्लाय गेला असणार. मशीन आणा वहिनी. नाहीतर आतला आवाज काढून दुसऱ्या कॉम्प्युटरात घालून देतो."

घरी येऊन तिनं रेवाला सांगितलं. पोर किंचाळली, "दुसऱ्यात नको! आई दुसऱ्यात कशी बोलेल? आणि तिचा कॉम्प्युटर घराबाहेर जायचा नाही!"

दुसऱ्यात नको! मंडळी, हा शब्द कुणाला लागला असेल?

कुमुदनं पायात चपला सरकवल्या. दुकानात जाऊन नवा पॉवर सप्लाय घेऊन आली, कसा बसवायचा ते विचारून आली. मशीन कुठलं, हे सांगायचं राहिलं आणि निसारभाईंचं विचारायचं राहिलं. रेवा शाळेत गेल्यावर तिनं झाकण उघडलं. पॉवर सप्लायचा जुना डबा काढून कागदावर ठेवला, नवा आत बसवला, वायरींचं तोंड बोर्डाच्या खाचेत दाबलं. खट्! अगदी चपखल बसलं!

देवाला हात जोडले आणि बटण दाबायला वाकली, तर गळ्यातला टाक पुढे झुलला. कॉम्प्युटरच्या पत्र्यावर आपटला. टण्!

टाक सावरायला तिनं मान खाली घातली आणि नजर थांबली. बाई स्वेटर विणणारी. रंगाचा एक टाका चुकला तर तिला झोप लागायची नाही! नव्या वायरींचे रंग एका क्रमानं, कागदावर पडलेल्या जुन्या वायरींचे भलत्याच क्रमानं. तिचा हात मागे आला.

टाकानं टाका दाखवला! तुम्ही योगायोग म्हणा. मी नाही म्हणणार.

दोन्ही डबे पिशवीत घालून ती दुकानात गेली. निसारभाईंनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला! वहिनी, बटण दाबलं असतं तर बोर्ड गेला असता! या जुन्या मशीनच्या कंपनीनं खाच ठेवली सगळ्यांसारखी, पण वायरींचा क्रम आपल्या मर्जीचा. मीच आधी विचारायला हवं होतं."

म्हणजे वाढपी पंगतीत शिरला, पण तान्ह्याच्या वाटीत ठेचा वाढणार होता!

"मग कंपनीचाच द्या."

"तो आता बनतच नाही."

कुमुदचे डोळे भरले. "पोरीला काय सांगू हो भाई?"

"थांबा, रडू नका. मध्ये जोडवायर घालू. एक टोक नव्याला ओळखतं, दुसरं टोक जुन्याला. नव्याची वीज घ्यायची आणि जुन्याच्या क्रमानं पोचवायची. जुन्याला कळतही नाही मध्ये कुणी आहे म्हणून."

कुमुद त्या वायरीकडे बघतच राहिली. नकळत हात टाकावर गेला.

रविवार उजाडला. खाली भंगारवाल्याची आरोळी! दिगंबरराव दारात. कुमुद म्हणाली, "अहो, एकदाच. नाही झालं तर न्या." तिनं जोडवायर लावली, झाकण बसवलं आणि रेवाला म्हणाली, "बटण तू दाब, बाळा." आणि स्वतः उठून बाहेर निघाली. का? मायलेकींच्या मध्ये आपण कशाला!

रेवानं बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा उजळला. आणि—

"आलीस का गं? ये, बस."

दिगंबररावांनी हातानंच भंगारवाल्याला जा म्हणून सांगितलं.

कुमुद उंबऱ्यापाशी पोचली होती. मागून आवाज आला, "अगं, कुठं चाललीस?"

अहो नाही, मंडळी. अगं!

कुमुद वळली. रेवानं खुर्चीवर सरकून अर्धी जागा केली होती. म्हणाली, "ऐकलं नाहीस? आई तुला पण म्हणतेय. ये, बस."

बसले म्हणून जुळले नाही,
जुळले तेव्हा उजळले...

पुसा, पुसा डोळे. मीही पुसतो.

आता तुमच्याकडे वळू का? तुमच्या घरात कुणी कुणाच्या जागी आलंय का? सून असेल, सावत्र आई असेल, दत्तक लेक असेल. तुम्ही म्हणत असाल, बसवलं की जागेवर, आणखी काय हवं? बाबांनो, खाच जुळली म्हणून घाईनं बटण दाबू नका. आतले रंग बघा. आणि स्वतः कुणाच्या जागी गेला असाल, तर आधीच्याला पुसू नका, गळ्याशी धरा. वेळेला तोच टण् करून हात मागे ओढतो.

पितृपक्षात सवाष्ण गेलेलीसाठी पान मांडायचा दिवस म्हणजे अविधवा नवमी; कुमुद दर अविधवा नवमीला वैजयंतीचं पान वाढते, आणि वाढून झालं की हळूच म्हणते, "ताई, ये, बस." यंदा तुमच्या घरी ते पान मांडाल, तेव्हा गेलेलीला तर आठवालच. पण ते पान जी वाढत असेल ना, तिचीही आठवण ठेवा हो.