न झिजणारी टिप

नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी कारखान्याच्या कपड्यातला एक टर्नर आणि कर्जतकडची एक म्हातारी बोलत होती.

"काय काम करता, भाऊ?"

"लेथवर लोखंड सोलतो, मावशी. नखाएवढ्या टिपेनं. आता नवीन टिप आलीय, सिरॅमिक आन् धातू एकत्र भाजून केलेली. लई कमी झिजती म्हणत्यात."

"मंग, झिजली का?"

"मी रोज बघायचो, धार नव्यासारखीच. पंधरा दिवस तीच चालवली. सायबांना म्हणलं, ही काय झिजत न्हाई."

"चांगलंच की."

"काल दोनशे नग मापात बसले न्हाईत म्हणून परत आले. सायबांनी टिप भिंगाखाली धरून मला दाखवली. धार कवाच गेल्ती."

"आमी कोयत्याची धार अंगठ्यानं बघतो."

"मीबी तेच करतो. तीस वर्षांत अंगठ्याला घट्टे पडले, त्याला काय कळतंय."

"पर जुनी टिप झिजलेली दिसायची ना?"

"तेच आठवतोय सकाळपासनं. दोन वर्षं झाली, तीबी कधी झिजलेली दिसली न्हाई. तवा काम ढोबळ हुतं, खपून गेलं."

"आन् कोन काय बोललं न्हाई?"

"बोलले की. सगळ्यात कमी टिपा वापरतो म्हणून खंडेनवमीला मशिनच्या पूजेनंतर शाल-नारळ दिला."

"मंग आता?"

"नारळाची बर्फी झाली. शाल तेवढी परत द्यावी म्हणतो."