एकोणिसावा अभिप्राय

कोरियातल्या मोक्पो बंदरात, दातांच्या दवाखान्यात सोनिम नंबराची वाट बघत होती. शेजारी एक हॉटेलवाली बाई नि तिचा धाकटा भाऊ हळू आवाजात बोलत होते. सोनिमच्या मांडीवरचं मासिक उघडं ते उघडंच राहिलं.

"ताई, अजून रागावलीस?"

"रागावून काय होणार? सगळं पुसलं त्या साइटवाल्यांनी."

"मला वाटलं, नेटवर आपलं हॉटेल वर दिसेल. म्हणून तीनशे अभिप्राय विकत घेतले."

"त्यातल्या एकानं तरी माझ्या तिसऱ्यांच्या रश्शातल्या शेवया खाल्ल्या होत्या?"

"पण खोटे काढायचे, तर तुझे खरेसुद्धा काढले!"

"एकोणीसच होते रे. सहा वर्षांत एकोणीस."

"मग गिऱ्हाइकांना सांगू, परत लिहा म्हणून."

"अठरा जण लिहितील."

"आणि एकोणिसावा?"

"बोटीवर काम करणारे, नाम आडनावाचे आजोबा. एका बोटानं टाइप करायला अर्धा तास लागला होता त्यांना. 'बायको गेल्यापासून इथेच पोटभर जेवतो,' असं लिहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात वारले. दुपारी हॉटेल रिकामं असलं की मी ते वाचत बसायचे."

"ताई... मला माहीत नव्हतं गं."

"कसं असणार? तू ते कधी वाचलेच नाहीस. नुसते मोजलेस."