शेजाऱ्याचा सत्कार

नाव मुरलीधर दत्तू बोरस्ते, वय ७४, वीज मंडळातून निवृत्त लाइनमन, युनियनचा माजी सचिव. राहणार नाशिक. सध्या मुक्काम मुलगा विनय याच्या घरी, नावन, काउंटी मीथ, आयर्लंड. कोरोनामुळे विमाने बंद झाल्याने मुक्काम लांबला.

ठाण्यात समक्ष हजर राहून दुभाष्यामार्फत सांगतो की, शेजारचे अँटोन यांना मी गेल्या वर्षापासून ओळखतो. ते पूर्व युरोपातल्या, आता नकाशावर नसलेल्या देशाचे. कम्युनिस्ट सरकारात नोकरीला होतो, एवढेच त्यांनी सांगितले होते. मला तेवढे पुरले. मी त्यांना कॉम्रेड म्हणत असे. भाषेची अडचण होती. कुंपणावरून मुठी उंचावून भागत असे.

जुलै २०२१ मध्ये त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. मी सत्कार ठरवला. सून कौमुदी म्हणाली, "बाबा, इथे कोणी कोणाला शाल देत नाही." मी म्हणालो, "म्हणूनच ते असे हिरमुसलेले असतात."

कार्यक्रम आमच्या परसात झाला. शाल घातली, नारळ दिला. सत्कारमूर्तींचा परिचय मी करून दिला. माहिती कमी होती, म्हणून 'सरकारी खात्यातील एक प्रामाणिक कारकून' असे म्हणालो. कौमुदीने ते इंग्रजीत सांगताच अँटोन उठले व माइक घेतला. म्हणाले, "कारकून? देशातले सगळे तुरुंग माझ्या हाताखाली होते. मी आत आलो की मंत्री उभे राहत." खरे नावही सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्कारात वाजवतात.

मी कौमुदीमार्फत विचारले, "तुरुंगात कोण होते?"

"कामगार."

"सगळे?"

"आमच्या देशात दुसरे होतेच कोण?"

त्यातले जिवंत बाहेर किती आले, असे विचारले. त्यांनी कौमुदीने आणलेल्या केककडे बोट दाखवले; म्हणाले, कापू या.

आणीबाणीत मी नाशिकच्या तुरुंगात होतो. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

विनयने व्हिडिओ वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. त्यांच्या जुन्या देशाच्या जागी आता जो देश आहे, तिथे तो पोचला. तिथल्या न्यायालयाने आता त्यांना मागितले आहे. त्यांचे वकील म्हणतात, अशिलाने विनोद केला. त्यांना परत पाठवायचे की नाही हे माझ्या जबाबावर ठरेल, असे मला समजावून सांगितले आहे.

तो विनोद नव्हता. मी युनियनमध्ये जन्मभर सत्कार केले. परिचयात पद खाली आले तर सत्कारमूर्ती विनोद करत नाही.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. सांगितले तसेच उतरले आहे. वर 'कॉम्रेड' आहे ते काढायचे का, असे दुभाषी विचारतात. राहू द्या. म्हणत होतो.

शाल मात्र परत मिळावी.

सही
मु. द. बोरस्ते