लाईट गेल्यावरचं सोलर

सोलर घेताय ना, मग आमच्याकडे काय झालं ते आधी ऐका. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, घरीच ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि आमच्या कात्रजला लाईटचा भरवसा नाही. म्हणून शेजारच्या कुलकर्ण्यांसारखंच सोलर बसवायचं ठरवलं. कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. मशीन बंद पडून पीं पीं करायला लागलं. ह्यांनी धावपळ करून सिलिंडर जोडला, तोवर मी शेजारी पळाले.

"अहो, अण्णांचं मशीन तुमच्याकडे आणू का?"

"आणून काय उपयोग? आमचीही लाईट गेलीय."

"एवढं ऊन आहे, वर सोलर आहे, तरी?"

"बॅटरी नाही ना. बाहेरची लाईट गेली की आमचं सोलरही बंद."

तशीच घरी आले आणि त्या माणसाला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"मॅडम, तुम्ही विचारलं नाहीत."

अण्णांनी मास्क जरा बाजूला केला. "बॅटरीवालं घेऊ, पण दुसऱ्या कुणाकडून. आणि सूनबाई, यांना चहा देऊ नकोस. त्यांनी मागितला नाही."