चालू आहे म्हणतंय

(थायनान शहर, २००८. दुपारचे सव्वातीन. भाड्याच्या खोलीत संगणकासमोर दोघे बसले आहेत: खुर्चीवर चिया-लिन, वय चौतीस, नऊ वर्षांचा असल्यापासून अंध, शेजारी स्टुलावर त्याचे वडील, ज्यांना तो आपा म्हणतो.)

आपा : हे अक्षर खुर्चीसारखं आहे. पाठ आहे तिला.

लिन : एच. पुढे?

आपा : दोन खड्डे, शेजारी शेजारी. मग खाली नुसती आडवी रेघ. अक्षर नाहीच तिथं.

लिन : बरोबर. नंतर पी, टी, आर असेल.

आपा : असेल काय, आहेच. अक्षरं ओळखतो मी. ट्रकच्या पाट्यांवर असतात की. फक्त तिथं मोठी असतात, ही सगळी पिल्लं आहेत.

लिन : त्याच ओळीत, दोन टिंबांच्या पुढे आकडा आहे. तो सांगा.

आपा : शून्य.

लिन : नुसतं शून्य?

आपा : एकटंच बसलंय बिचारं.

लिन : आणि खालच्या ओळीत?

आपा : सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी.

लिन : आकडे मात्र एका दमात वाचता.

आपा : चाळीस वर्षं माशांची पिल्लं मोजली आहेत. वाडग्यात वळवळणारी. ही निदान एका जागी थांबतात.

लिन : आता सगळ्यात वरची ओळ परत एकदा. सावकाश.

आपा : त्यात बदल नाही. आर, यू, एन, एन, आय, एन, जी. ही मोठी आहेत.

लिन : म्हणजे चालू आहे.

आपा : कुठं चालू आहे? मला तर काही ऐकू येत नाही.

लिन : मलाही नाही. म्हणून तर तुम्हाला स्टुलावर बसवलंय.

आपा : मग हे खोटं लिहितंय.

लिन : खोटं नाही. त्याला खरंच वाटतंय की आपण चालू आहोत. हे बघा आपा, या यंत्राची एक सवय आहे. स्वतःची प्रकृती ते छोट्या छोट्या फाइलींमध्ये लिहून ठेवतं. साउंड कार्ड बसवलंय का, उघडलंय का, गाणं किती वाजून झालं. विचारलं की त्या क्षणाचं उत्तर देतं.

आपा : आणि तू रोज हे वाचतोस.

लिन : रोज यंत्र मला बोलून दाखवतं. आज त्याचाच आवाज गेलाय. बोटांनी वाचायची पट्टी आहे, ती दुरुस्तीला दिलीय. तुम्ही मासे घेऊन आला नसतात, तर शेजारच्या बाईंना हाक मारावी लागली असती.

आपा : माशांच्या पोटाचे तुकडे फ्रीजमध्ये ठेवले आहेत. आजच शिजव, नाहीतर विसरशील. पण इतकी घाई कसली?

लिन : पाच वाजता पेइ-रोंग येईल. आमच्या अंधशाळेत शिकवते, माझ्याबरोबर. या यंत्रातलं सगळं एका डिस्कवर उतरवून ती घेऊन जाणार आणि शाळेतल्या चाळीस यंत्रांवर चढवणार. उद्या सकाळी मुलांची प्रवेशपरीक्षा आहे. पहिल्यांदाच ती मुलं पेपर स्वतः ऐकून स्वतः लिहिणार आहेत. आजवर कोणीतरी वाचून दाखवायचं आणि कोणीतरी लिहायचं.

आपा : आणि यंत्र मुकं राहिलं तर?

लिन : तर ती मुलं चाळीस बंद पेट्यांसमोर बसतील.

आपा : विचार मग त्याला परत. तीच ओळ.

लिन : दिली आज्ञा. खुर्चीवाल्या ओळीत काय आहे आता?

आपा : शून्यच.

लिन : गाणं सुरू करून दोन मिनिटं झाली. तो आकडा वाढत जायला हवा. कार्डानं किती वाजवलं ते तिथं दिसतं. खालचा आकडा म्हणजे मी त्याच्यापुढे किती वाढून ठेवलंय.

आपा : म्हणजे तू खाद्य टाकलंस सोळा हजारांचं, आणि मासा वर आलाच नाही.

लिन : अगदी तेच.

आपा : मग मासा आजारी आहे किंवा पाण्यातच नाही.

लिन : पाण्यात आहे. यादीत तुम्ही त्याचं नाव मघाशी वाचलंत, अगदी पहिल्या फाइलीत.

आपा : अर्धा तास लागला मला त्या नावाला.

लिन : लागला. आता अजून एक फाइल. कार्ड काम करताना मध्ये मध्ये हाक मारतं, 'संपलं, अजून द्या' म्हणून. किती वेळा हाक मारली, ते या फाइलीत मोजलेलं असतं. एकच ओळ दिसेल.

आपा : दिसली. आधी सतरा, दोन टिंबं. मग शून्य. मग अक्षरं.

लिन : परत देतो आज्ञा. आता?

आपा : सतरा. शून्य.

लिन : एकही हाक नाही.

आपा : घसा बसलाय त्याचा.

लिन : घसा नाही बसला. त्यानं कोणत्या वाटेनं हाक मारायची, ते मी परवा बदललं. आवाजात मध्येच कडकड यायची, ती घालवायला. नवी वाट या यंत्राला चालत नाही. थांबा... हो. तसंच आहे ते.

आपा : पण काल तर तू फोनवर म्हणालास, सगळं नीट चाललंय.

लिन : काल जुनंच चालू होतं. मी यंत्र बंद करून परत सुरू करून बघितलंच नाही. आज सकाळी सुरू केलं आणि नवं लागू झालं.

आपा : आता?

लिन : ती एक ओळ पुन्हा पहिल्यासारखी करतो. कडकड राहिली तर राहू दे, मुलांना शब्द तरी कळतील. मी लिहितो, तुम्ही अक्षर अन् अक्षर तपासा. एक चुकलं तर परत हेच.

आपा : चष्मा पुसून घेतो.

लिन : ई, एन, ए, बी, एल, ई.

आपा : ई, एन, ए... इथं पोट दुसऱ्या बाजूला आहे. हे बी नाही, डी आहे.

लिन : बरं झालं. आता?

आपा : आता बी. मग काठी. मग ई. ठीक.

लिन : पुन्हा सुरू करतो. मिनिटभर लागेल.

आपा : पडदा काळा झाला.

लिन : होतो तसा.

आपा : अजून काळाच आहे. आता पांढरी अक्षरं पळतायत, वाचायला नको सांगूस.

लिन : नाही सांगत.

संगणक : नाव टाका.

आपा : हे कोण बोललं?

लिन : तेच.

संगणक : परवलीचा शब्द टाका. स्वागत आहे. फोल्डर चार, फाइली सहा, नवीन पत्रं...

आपा : किती भरभर बोलतं हे. श्वास तरी घेतं का?

लिन : मला सवय आहे. पण एकदा शेवटचं वाचा. गाणं लावतो, आणि खुर्चीवाली ओळ.

आपा : बेचाळीस हजार आणि पुढे काहीतरी. अरे, तू परत विचारलंस तोवर सत्तर हजार झाले. पळतंय हे.

लिन : झालं. तीन वाजून किती?

आपा : तीन चाळीस.

लिन : तिला फोन करतो... पेइ-रोंग, मी लिन. डिस्क तयार आहे, ये पाचला. नाही, सकाळपासून बंद होतं. चूक माझी. परवा मीच बदल केला आणि नीट तपासला नाही. हो, माझीच. आवाजात थोडी कडकड येईल, मुलांना आधी सांगून ठेव. ठेवतो.

आपा : ती काय म्हणाली?

लिन : म्हणाली, बरं. येताना बबल टी आणते.

आपा : एवढंच?

लिन : अजून काय म्हणणार?

आपा : दोनदा म्हणालास तू तिला, चूक माझी म्हणून. पाणी पिऊन घ्यावं तसं.

लिन : होतीच माझी.

आपा : मला पंचवीस वर्षांत एकदाही जमलं नाही.

लिन : आपा.

आपा : बोलू दे. त्या वर्षी थंडीची लाट आली होती. वाऱ्यानं तळ्यावरच्या कनाती उडत होत्या, मासे उलटे होऊन वर येत होते. तुझी आई आली तळ्याच्या बांधावर. पोराचं डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, डोळा लाल झालाय, म्हणाली. मी म्हणालो, थंडी बाधलीय. लाट ओसरली की नेऊ शहरात.

लिन : चार दिवस.

आपा : चार दिवस. इस्पितळात ते म्हणाले, डोळ्यांतला दाब वाढलाय, उशीर झाला. मी तिथं मान हलवली. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांना काही जमलं नाही.

लिन : मासे वाचले होते का?

आपा : निम्मे. तू हे कधी विचारलं नाहीस.

लिन : तुम्ही कधी विषय काढला नाहीत. मी वीस वर्षांचा असताना एका डॉक्टरांना विचारलं होतं. पहिल्याच दिवशी आणलं असतं, तर एक डोळा कदाचित वाचला असता, असं म्हणाले. कदाचित.

आपा : म्हणजे तुला माहीत होतं.

लिन : चौदा वर्षं.

आपा : तेव्हा दोन वर्षं तू घरी आला नाहीस. मला वाटलं, शहरात मन रमलं.

लिन : राग होता. खूप होता. आता अधूनमधून येतो, सर्दीसारखा. आज नाहीये.

आपा : चूक माझी होती, आ-लिन.

लिन : हो. होती.

आपा : माशांपायी.

लिन : त्या माशांवर घर चालायचं, हेही मला माहीत आहे. दोन्ही माहीत आहे.

आपा : मी जातो आता. साडेचारची बस आहे.

लिन : सहाचीही आहे. बसा. त्या चार दिवसांतलं अजून एक आठवतं मला. तुम्ही तळ्यावरून मधूनच यायचात, आणि माझ्या कपाळावर हात ठेवायचात.

आपा : बर्फासारखे असायचे हात. तुझी आई रागवायची, पोराला हुडहुडी भरेल म्हणून.

लिन : तेवढा वेळ दुखणं थांबायचं. मग मी दाराकडे कान लावून पडून राहायचो, तुमचे रबरी बूट कधी वाजतात म्हणून.

आपा : डोळे मिटलेले असायचे तुझे. झोपलायस असं वाटायचं, म्हणून मी लगेच हात काढून घ्यायचो.

लिन : झोपलेला नसायचो, आपा.